हॉलभर पेरूंचा वास

माझ्या कामाच्या पिशवीत लॅपटॉप, प्रोजेक्टरची वायर, स्केचपेनांचं पाकीट आणि एक पिवळा मऊ चेंडू असतो. शाळेच्या गेटवरचे गार्डभैया पिशवी उघडून बघतात तेव्हा त्यांना फक्त चेंडू दिसतो. "खेलकूद वाली मैडम आई हैं," असं ते आत फोन करून सांगतात. मी दुरुस्ती करत नाही. मी शिक्षकांना शिकवायला आले आहे, हे माझ्या या पंचविशीतल्या तोंडाने सांगायला मला अजून जमलेलं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिही, असं मंडळातल्या काकूंनी सांगितलं. लोकांना ही ट्रेनिंग-ट्रेनिंग काय भानगड आहे ते एकदा कळू दे, म्हणाल्या. मी शिकले इंग्रजी शाळेत, रस्त्यावर बोलते हिंदी, आणि मराठी आमच्या घराच्या दाराच्या आतच राहते. त्यामुळे हे लिहिताना एकदोन शब्द मला आईला विचारावे लागले. काय लिहिते आहे ते तिला सांगितलं नाही. अंक आला की ती पहिल्या पानापासून वाचते, जाहिरातींसकट. तेव्हा कळेलच.

चेंडू कशासाठी, ते आधी सांगते. ट्रेनिंगच्या सुरुवातीला सगळ्यांना गोल उभं करायचं आणि चेंडू फेकायचा. ज्याने झेलला त्याने एका वाक्यात, इंग्रजीत, स्वतःबद्दल सांगायचं. याला आइसब्रेकर म्हणतात. लोक मोकळे व्हावेत असा हेतू आहे. प्रत्यक्षात ज्यांना इंग्रजी बोलता येतं त्या हात पुढे करतात आणि ज्यांना येत नाही त्या हात ओढणीत गुंडाळून शेजारणीच्या मागे अर्धं पाऊल सरकतात. मी स्वतः लाजरी आहे. शाळेत, कॉलेजात, लग्नाकार्यात तेच अर्धं पाऊल सरकत इथवर आले आहे, म्हणून मला ते लगेच दिसतं. तिकडे मी चेंडू फेकत नाही. या कामात माझं स्वतःचं असं कसब काय म्हणाल, तर एवढंच.

बाकीचं काम असं. शाळांमधल्या शिक्षकांनी दरवर्षी काही तास स्वतः शिकावं अशी अपेक्षा असते. खासगी शाळा हे तास आमच्यासारख्या एजन्सीकडून घेतात. त्यातले काही तास मोबाइलवर असतात: व्हिडिओ पाहायचा, शेवटी पाचसहा प्रश्नांची क्विझ, मग सर्टिफिकेट. उरलेल्या तासांसाठी मी जाते. शिक्षणात दरवर्षी काहीतरी नवं येतं. एका वर्षी सगळं कृतीतून शिकवायचं असतं, पुढच्या वर्षी मुलांच्या भावना आधी ओळखायच्या असतात, त्यापुढे मुलांनी धडा घरी व्हिडिओवर बघायचा आणि गृहपाठ वर्गात करायचा असतो. सध्या एआय आहे. स्लाइड रायपूरच्या ऑफिसातून इंग्रजीत येतात, मी त्या हिंदीत समजावते. मला घेतलं ते माझ्या इंग्रजीसाठी. मी आजपर्यंत एकाही मुलाला पाढे शिकवलेले नाहीत. हे मला कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारू नये म्हणून मी स्लाइड जरा लवकर बदलते.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. नंदिनी नगरकडच्या एका शाळेतले हेडसर होते. आमचे व्हिडिओ पुढे ढकलता येत नाहीत, पूर्ण चालावे लागतात. सर ते चालू करून मोबाइल बागेत कुंडीवर ठेवायचे आणि पाणी घालायचे. मला त्यांनी स्वतःच हे सांगितलं, अगदी अभिमानाने. "मैडम, मेरे टमाटर सब सीख गए हैं. क्विझ भी दे देंगे." सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी टोमॅटोची पिशवी माझ्या हातात दिली आणि ट्रेनिंग छान झालं असा अभिप्राय लिहिला.

कुरुदच्या शाळेतल्या एका सरांचं मात्र मला हसू आलं नाही. ते मागच्या बाकावर हात बांधून बसले होते. चहाच्या आधी उठले आणि म्हणाले, "मैम, पिछले साल जो सिखाए थे, वो गलत था क्या?" मी म्हटलं, नाही सर, तेही बरोबरच होतं. "तो फिर बदले काहे?" आमच्याकडे अशा प्रश्नांची सोय असते. भिंतीवर एक कोरा चार्टपेपर लावतो, त्याला पार्किंग लॉट म्हणतात. ज्याचं उत्तर वेळेत बसत नाही तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचा, शेवटी बघू. सरांनी निमूटपणे लिहिला, चिकटवला. शेवटी वेळ उरला नाही. कधीच उरत नाही. मी चार्टची गुंडाळी करून त्याला रबर लावला. अशा गुंडाळ्या माझ्या कपाटामागे उभ्या आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझी आई रिसालीतल्या एका शाळेत दुसरीला शिकवायची. हिंदी माध्यमाची, साधी, एका गल्लीच्या टोकाला असलेली शाळा. आईचं नाव सुनंदा मेश्राम. आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटमध्ये कामाला आले, बाबाही प्लांटमधूनच निवृत्त झाले. रविवारी आई विहारात मुलांचा वर्ग घेते, तो अजून घेते. आमच्या वस्तीत शिक्षण ही चीज एकट्याच्या घरात राहत नसे. कुणाच्या मुलाने परीक्षा दिली की त्याची गाइडं, नोट्स, जुने पेपर आपोआप पुढच्या घरी जायचे. माझ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर तीनचार नावं खोडलेली असायची आणि सगळ्यांत खाली माझं. मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा आईवडिलांच्या मुलाखतीत काय विचारतात हे सांगायला विहारातल्या दोघी बायका घरी येऊन बसल्या होत्या, कारण त्यांची मुलं आधी त्यातून गेली होती. माझा पहिला ब्लेझर त्यांच्यातल्याच एकीच्या मुलीचा.

त्या शाळेत मला सगळ्यात आधी शिकवली गेलेली गोष्ट म्हणजे उत्तरपत्रिकेवर कोपर आडवा ठेवायचा. कव्हर युवर वर्क. मला ते फार चांगलं जमलं.

आईची शाळा नव्या मॅनेजमेंटने घेतली. पुढच्या सत्रापासून पहिली-दुसरी इंग्रजी माध्यमाची करायची ठरली. नवे प्रिन्सिपल सर आले. जुन्या शिक्षिकांपैकी कुणाला वर्ग द्यायचा हे ठरवायला त्यांनी आठवडाभराचं ट्रेनिंग आणि शेवटी डेमो ठेवला. डेमो म्हणजे प्रत्येकीने दहा मिनिटं इंग्रजीतून पाठ घ्यायचा. मुलांच्या जागी बाकीच्या शिक्षिका बसतात, मागे ट्रेनर आणि प्रिन्सिपल गुण देतात. ज्या 'तयार' ठरतील त्यांना वर्ग मिळणार. उरलेल्यांना 'सपोर्ट', म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वर्गात मागे बसून मुलांचे डबे उघडून देणं, नाक पुसणं. काम आमच्या एजन्सीला मिळालं आणि रायपूरच्या दुबे सरांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, त्या शाळेवर मला नेमलं.

मी घरी सांगितलं की सरांना कळवते, ही माझ्या आईची शाळा आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. आई कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही. "सांगशीन तं तुले दुसरीकडं धाडतील, अन् इथं कोनी अनोळखी येईन. तूच ये. मी तुले मॅडम म्हनीन."

त्याप्रमाणे ती मला मॅडम म्हणायला लागली. तिच्या मैत्रिणींनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं होतं. त्याही सगळ्या जणी, न सांगता, मला मॅम म्हणू लागल्या. चहाच्या सुट्टीत साहू मॅडम, आईच्या शेजारच्या वर्गाच्या, माझ्या हातात हळूच चिक्की द्यायच्या आणि प्रिन्सिपल सर दिसले की "थँक यू मैम" म्हणून सरळ उभ्या राहायच्या. संपूर्ण स्टाफने मिळून माझं गुपित सांभाळलं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मला वाटलं, बरं आहे.

आईला इंग्रजी वाचता येतं, समजतं, लिहिता येतं. बोलायची वेळ आली की तिचा गळा बंद होतो. "मले येते, पन तोंडातून निंगत नाही," ती म्हणायची. डेमोच्या आधी ती म्हणाली, तू पूर्ण पाठ बोलून दे, मोबाइलवर. "मी ऐकून ऐकून पाठ करतो. पोया लाटता लाटता होते."

आमच्या एजन्सीचा एक नमुना पाठ आहे, सफरचंदाचा. डोळे मिटा, वास घ्या, हात लावून सांगा, असा. रिसालीत क्वार्टरांच्या मागे पेरूची झाडं आहेत, म्हणून मी सफरचंदाचा पेरू केला. नमुन्यात शिक्षिकेने काय बोलायचं तेही असतं आणि काय करायचं तेही. मी तो माझ्या आवाजात रेकॉर्ड करताना सगळंच वाचलं. लुक चिल्ड्रन, व्हॉट इज इन माय बॅग? पॉज. वेट फॉर थ्री सेकंड्स. स्माइल. माझ्या शाळेने दिलेला सूर लावून, गोड आवाजात. आईला कुठे थांबायचं ते कळावं म्हणून. हे मी करायला नको होतं हे मला माहीत होतं. पण ती माझी आई होती, आणि मी पाठवताना एकच गोष्ट बजावली नाही, कारण ती बजावावी लागेल असं मला वाटलंच नाही.

डेमोच्या दिवशी दुबे सर स्वतः आले. थंडीचे दिवस होते, हॉलच्या खिडक्या बंद होत्या. मी हॉलमध्ये शिरले आणि मला पेरूंचा वास आला. मला वाटलं, आई पिशवी घेऊन आधीच आली असेल.

पहिल्या उठल्या साहू मॅडम. त्यांनी टेबलापाशी जाऊन ओढणी नीट केली, पर्सवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लुक चिल्ड्रन, व्हॉट इज इन माय बॅग? पॉज. वेट फॉर थ्री सेकंड्स. स्माइल." आणि त्या हसल्या.

तो माझा आवाज होता. बॅगवरचा जोर, चिल्ड्रन म्हणताना वर जाणारा सूर, सगळा माझा. साहू मॅडमांच्या तोंडून. मी वहीत डोकं घातलं. दुबे सर मात्र खूश झाले. त्या आठवड्यात मी 'थिंक अलाउड' शिकवलं होतं: शिक्षिकेने आपल्या मनात काय चाललं आहे ते मुलांसमोर मोठ्याने बोलावं, अशी पद्धत. सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "देखो, थिंक अलाउड पकड़ लिया इन्होंने." साहू मॅडमांनीही नंतर मला हेच सांगितलं. ते शब्द पाठातले की करायच्या सूचना, याचा त्यांनी घरी विचार केला होता. पण आमच्या नव्या पद्धतींमध्ये इतकं काय काय विचित्र असतं, की हेही असेल, असं त्यांना वाटलं.

मग दुसऱ्या उठल्या. त्यांनीही पिशवीतून पेरू काढला.

इथे जे झालं ते मला लिहायचं नव्हतं, म्हणून मी टोमॅटोवाल्या सरांपासून सुरुवात केली. दुसऱ्या मॅडमच्या तोंडून तोच सूर ऐकला तेव्हा मला कळलं की आईने माझं रेकॉर्डिंग स्टाफच्या ग्रुपवर टाकलं आहे. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर राग. हा सगळा घोटाळा आता उघडा पडेल, ही भीती नंतर आली. आधी आला तो राग: मी हे तुझ्या एकटीसाठी केलं होतं, आणि तू वाटून टाकलंस. तुझा डेमो इतरांपेक्षा चांगला व्हावा म्हणून केलं होतं. माझा हात टेबलावर होता. मी पाहिलं तर गुणांच्या कागदावर माझा कोपर आडवा होता.

तिसऱ्या पाठाला दुबे सरांनी चष्मा काढून पुसला. चौथ्याला प्रिन्सिपल सर हसायचे थांबले. टेबलावर पेरू जमत होते. प्रत्येक शिक्षिका पॉज म्हणत होती, कारण आधीचीने म्हटलं होतं आणि तिला कुणी टोकलं नव्हतं.

आई शेवटच्या दोघींमध्ये होती. ती उठली तेव्हा तिला सगळं कळून चुकलं होतं, तिच्या चालण्यावरून मला दिसत होतं. तिने पेरू काढला. तिने एकटीने पॉज म्हटलं नाही. ती थांबली, मनात तीन मोजले आणि हसली. मग तिचा गळा बंद झाला. हातात पेरू, तोंड उघडं, आणि शब्द नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला मॅडम म्हणायचं ठरलं होतं ना.

 आणि मुलांच्या जागी बसलेल्या तिच्या मैत्रिणी, सगळ्या, एका सुरात, हळू आवाजात म्हणाल्या, "क्लोज युवर आइज."

त्यांना वाटलं आपण कुजबुजलो. पण सगळ्यांनी एकदम कुजबुजलं की ते प्रार्थनेसारखं ऐकू येतं. आईने ते वाक्य उचललं आणि पाठ पूर्ण केला. दुबे सरांनी पेनचं टोपण लावलं.

"ये किसने दिया आप लोगों को?" सर ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नाहीत.

 साहू मॅडम पेरूकडे बघत होत्या. मग आई टेबलापाशी उभीच होती ती म्हणाली, "ग्रुप में मैंने डाला, सर."

"आपको कहाँ से मिला?"

"नेट से."

मी उभी राहिले. मी कधी मध्ये बोलत नाही, पण तेव्हा बोलले. "सर, वो आवाज़ मेरी है. ये मेरी माँ हैं."

वाचणाऱ्यांना वाटेल की इथे माझं काहीतरी बरं झालं. मलाही तेव्हा तसं वाटलं होतं. आत एक मोकळेपणा होता. या चुकीबद्दलची शिक्षा आता मला होईल, नोकरी जाईल, आणि आईवरचं ओझं उतरेल, असा माझा हिशेब होता.

दुबे सर मला प्रिन्सिपल सरांच्या खोलीत घेऊन गेले. चहा मागवला. दुबे सर म्हणाले, "बेटा, माँ के लिए कौन नहीं करता? आगे से ध्यान रखना." झालं. एवढीच माझी शिक्षा. प्रिन्सिपल सरांनी साहू मॅडमांच्या मोबाइलवरून रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं. ते त्यांनी पूर्ण ऐकलं आणि मान डोलावली. काय उच्चार आहेत, म्हणाले. आमच्या स्टाफला महिन्यातून एकदा स्पोकन इंग्लिश घ्यायला या मॅमच पाठवा. दुबे सरांनी लगेच होकार दिला. एजन्सीला नवं काम मिळालं. मी चहा धरून बसले होते. मी विचारलं, आणि बाकीच्या शिक्षिका?

त्यांचा डेमो पुन्हा घेऊ, ते म्हणाले, ज्याचा त्याचा वेगळा विषय देऊन. "और आपकी मदर को हम देख लेंगे."

निघताना दुबे सरांनी टेबलावरचे दोन चांगले पेरू गाडीसाठी घेतले.

डेमो पुन्हा झाला. तो घ्यायला दुसऱ्या ट्रेनर आल्या. साहू मॅडमांना वर्ग मिळाला, आणखी काही जणींना मिळाला. आईचं नाव पुन्हा डेमो देणाऱ्यांच्या यादीत घेतलंच नाही. ग्रुपवर वाटणारी कोण, तर ही. शिस्तीचा प्रश्न. नव्या सत्रात आईला नर्सरीत सपोर्ट म्हणून दिलं, नुकत्याच कॉलेजातून आलेल्या एका मुलीच्या हाताखाली. मुलगी चांगली आहे. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच आहे.

पहिल्या डेमोच्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी होतो. बाबा बातम्या बघत होते. आई भाजी चिरत होती. मग तीच म्हणाली, "कावून सांगतलं वं? नेटवरून म्हनलं न मी. भागलं असतं."

"अन् तू कावून वाटलं सगळ्याइले? तुले एकटीले दिलं होतं मी."

"साहू मॅडम स्टाफरूममधी रडून राहिली होती. मी काय मोबाइल झाकून बसू?" तिने विळीवरून मान वर केली. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "तुह्या पुस्तकावर कितीक पोराइचे नावं होते, आठवते का? त्याइनं झाकले असते तं?"

 पुढे ती म्हणाली की माझा आवाज किती छान आला होता, सगळ्या विचारत होत्या, कोणत्या शाळेत घातलं होतं. हे सांगताना तिला आनंद होत होता. मला उठून बाथरूममध्ये जावं लागलं.

लोक म्हणतात, शरम काळानुसार कमी होते. माझी तशी नाही, कारण ती महिन्याची नोकरी झाली आहे. ठरल्याप्रमाणे महिन्यातून एकदा मी त्या शाळेत स्पोकन इंग्लिश घ्यायला जाते. चूक दोघींनी मिळून केली. एकीला वर्गाबाहेर काढलं आणि एकीला वर्ग दिला. फरक इतकाच की माझं इंग्रजी तोंडातून निघतं. मी नोकरी सोडते म्हटलं तेव्हा आईने बोलणंच पुढे जाऊ दिलं नाही. नोकरी सोडून काय होईल, म्हणाली, दुसरं कोणी येईल. पुन्हा तेच.

आई सपोर्टवाल्यांबरोबर शेवटच्या रांगेत असते. ॲप्रनवर कधी रंगाचा डाग, कधी कुणाच्या डब्यातली हळद. मी सगळ्यांना गोल उभं करते, चेंडू काढते आणि तिच्या बाजूला फेकत नाही. तिच्यासाठीच नाही फेकत, असं मी स्वतःला सांगत आले. तिचा गळा बंद होऊ नये, चारचौघांत पुन्हा तसं होऊ नये. पण तिने कधी अर्धं पाऊल मागे घेतलेलं मी पाहिलेलं नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मागे सरकत होते ती मी.

मागच्या खेपेला आईने दोन्ही हात वर केले. नर्सरीतली मुलं करतात तसे, तळवे उघडे. "इधर, मैम."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दुसरीकडे बघून फेकण्यासारखं काही उरलं नाही. मी फेकला. तो जरा आखूड पडला, आईने पुढे येऊन झेलला आणि पोटाशी धरला.

"माय नेम इज सुनंदा मेश्राम," ती म्हणाली. सावकाश, स्वतःच्या सुरात. "आय ॲम द मदर ऑफ धिस मॅडम."

 पहिल्या डेमोच्या दिवसानंतर त्या शाळेत हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. नव्या मुलींना तर माहीतही नव्हतं. आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"पॉज," ती म्हणाली. "वेट फॉर थ्री सेकंड्स. स्माइल."

आधी साहू मॅडमांना हसू फुटलं, मग जुन्या सगळ्यांना. एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसल्या. नव्या मुली, काही न कळता, त्याही हसल्या. आई सगळ्यात जास्त हसली. तिने चेंडू माझ्याकडे परत फेकला. मी तो झेलला, खाली वाकले आणि पुढची स्लाइड लावली.